कळ कोणाच्या हाती?

वर्षभर एक वाक्य ऐकून कान किटले आहेत. ‘युरोपला स्वतःच्या कंपन्या काढता येत नाहीत, म्हणून तो अमेरिकी कंपन्यांवर कर आणि दंड लावत बसतो.’ लग्नाच्या पंगतीत हे ऐकले, वाचनालयाच्या वार्षिक सभेत ऐकले. आमच्या एका जुन्या वर्गणीदारांचा मुलगा कॅलिफोर्नियाहून सुटीवर आला होता. त्याने तर हे अशा सुरात ऐकवले, की युरोप म्हणजे शेजाऱ्याने नवी गाडी घेतली म्हणून तिच्यावर ओरखडे काढणारा कुणी खत्रूड पेन्शनर वाटावा. वाक्य साफ खोटे असते तर इतका त्रास झाला नसता. ते अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात आपण स्वतः उभे आहोत, हे कुणाच्या गावीही नाही.

त्यामुळे २०२५ या वर्षाचा आढावा यंदा चार ओळींत. डॉ. जयंत नारळीकर मे महिन्यात गेले. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा शासननिर्णय आला आणि जूनअखेर मागे घ्यावा लागला. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यातली उभी पिके नेली. हे सारे तुम्हाला ठाऊक आहे. जे आपण नीट ऐकलेच नाही, त्याविषयी इथे बोलू.

आधी कराचे. तिथे युरोपची बाजू मला पटते. ल्यों शहरातला बेकरीवाला आपल्या नफ्यावर फ्रान्सला कर देतो. टाळायचा म्हटले तरी त्याला भट्टी उचलून डब्लिनला नेता येत नाही. त्याच ल्योंच्या माणसाला मोबाइलवर जाहिराती दाखवणारी कंपनी मात्र आपला नफा आयर्लंडच्या वहीत मांडू शकते, कारण तिथे कंपन्यांवरचा कर वर्षानुवर्षे १२.५ टक्केच होता. म्हणून मार्च २०१८मध्ये युरोपीय आयोगाने अशा कंपन्यांच्या उलाढालीवरच ३ टक्के कर सुचवला. पण करांच्या बाबतीत युरोपीय संघाला सर्व सदस्यांची संमती लागते. आयर्लंड, स्वीडन आणि डेन्मार्क अडून बसले आणि वर्षभरात प्रस्ताव गुंडाळला गेला. मग २०१९मध्ये फ्रान्सने एकट्याने तोच ३ टक्के कर लावला. ॲमेझॉनने आपल्या फ्रेंच विक्रेत्यांकडून घ्यायचे शुल्क लगेच ३ टक्क्यांनी वाढवले, म्हणजे भार पुन्हा कुठल्यातरी बेकरीवाल्याच्याच डोक्यावर! वर अमेरिकेने शॅम्पेन आणि चीजवर १०० टक्क्यांपर्यंत शुल्काची धमकी दिली, ती वेगळीच.

आयर्लंडचा किस्सा नाटकात घातला तर प्रेक्षक विश्वास ठेवणार नाहीत. ॲपलने आयर्लंडला १३ अब्ज युरो थकबाकी द्यावी, असा निर्णय युरोपीय आयोगाच्या स्पर्धा-आयुक्त मार्ग्रेट वेस्टेयर यांच्या खात्याने २०१६मध्ये दिला. त्याविरुद्ध ॲपलच्या बरोबरीने न्यायालयात कोण गेले? खुद्द आयर्लंड. आम्हाला एवढे पैसे नकोत, असे एक सार्वभौम राष्ट्र आठ वर्षे शपथेवर सांगत होते! शेवटी सप्टेंबर २०२४मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने ते पैसे त्याच्या गळ्यात घातले. पैसे नाकारण्यामागे भाबडेपणा नव्हता. ज्या पाहुण्यावर घर चालते त्याच्याकडे बिल मागायचे नसते, हे आयर्लंडला नीट कळले होते.

आणि यंदा ते सगळ्यांनाच कळले. २० जानेवारीला ट्रम्प यांनी सूत्रे हाती घेतली, आणि जागतिक करव्यवस्थेचा जो तोडगा १३०हून अधिक देशांनी २०२१मध्ये मान्य केला होता, तो अमेरिकेवर बंधनकारक नाही, असे त्याच दिवशी जाहीर केले. कॅनडाच्या डिजिटल कराचा पहिला हप्ता ३० जूनला वसूल व्हायचा होता. आदल्या रात्री कॅनडाने करच मागे घेतला. १ ऑगस्टला त्याला ३५ टक्के आयातशुल्क मिळाले ते मिळालेच. युरोपीय आयोगाने जुलैत पुढच्या सात वर्षांच्या अंदाजपत्रकासाठी उत्पन्नाच्या नव्या वाटा सुचवल्या. त्यांत तंबाखू होती, मोडीत निघालेली विजेची उपकरणे होती. डिजिटल कंपन्यांवरचा कर नव्हता. सप्टेंबरमध्ये गूगलला २.९५ अब्ज युरोंचा दंड झाला खरा, पण काही तासांतच वॉशिंग्टनहून व्यापारी कारवाईची धमकी आली. ब्रिटनने आपला २ टक्के कर टिकवला आणि फ्रान्सही अजून वसुली करतो, हे नोंदवायला हवे. नवा कर लावण्याची छाती मात्र यंदा फारशी कुणाची दिसली नाही.

आता हसणाऱ्यांसाठी. असाच कर आपणही लावला होता. १ जून २०१६पासून परदेशी कंपन्यांना दिलेल्या ऑनलाइन जाहिरातींच्या पैशावर ६ टक्के. पुढे २०२०मध्ये ऑनलाइन विक्रीवर आणखी २ टक्के. अमेरिकेने हा दुसरा कर भेदभावाचा ठरवला. २ टक्क्यांचा कर गेल्या वर्षी १ ऑगस्टला गेला, ६ टक्क्यांचा यंदा १ एप्रिलला. कुठे मोर्चा नाही, अग्रलेख नाही. शेअरबाजाराच्या पानाखाली एक चौकट. मोबदल्यात काय मिळाले? २७ ऑगस्टला ५० टक्के आयातशुल्क. फ्रेंच निदान भांडले तरी. (दिवाळी अंकाचा संपादक जाहिरातींवरच्या कराबद्दल इतका हळवा का, असे कुणी विचारेल. आमच्या मलपृष्ठावर वर्षानुवर्षे झळकणारे सराफ आणि मिठाईवाले आता ग्राहकाला त्याच्या तळहातावर गाठतात, हे खरेच आहे. पण त्यांचे पैसे ज्या कंपन्यांकडे जातात त्या कर नीट भरतात का, हा प्रश्न आमच्या मलपृष्ठापेक्षा मोठा आहे.)

खरे सांगायचे तर करावरचे हे भांडण मला हळूहळू दुय्यम वाटू लागले. मे महिन्यात असोसिएटेड प्रेसची बातमी आली: हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे मुख्य अभियोक्ता करीम खान यांच्यावर अमेरिकेने निर्बंध घातल्यानंतर त्यांचा मायक्रोसॉफ्टवरचा ईमेल बंद झाला. आपण न्यायालयाची सेवा थांबवलेली नाही, असे कंपनीने स्पष्ट केले. तरीही युरोपच्या मंत्रालयांत जो धसका बसायचा तो बसला. जूनमध्ये फ्रान्सच्या सिनेटने मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या अधिकाऱ्यांना शपथेवर विचारले: फ्रेंच नागरिकांची माहिती फ्रान्सच्या संमतीवाचून अमेरिकी सरकारकडे जाणार नाही, याची हमी देता का? उत्तर आले, हमी देता येणार नाही. माणूस प्रामाणिक म्हणायचा. अमेरिकेच्या २०१८च्या ‘क्लाउड ॲक्ट’खाली न्यायालयाचा आदेश आला, की सर्व्हर पॅरिसमध्ये असो वा पुण्यात, अमेरिकी कंपनीला माहिती द्यावी लागते.

तरीही युरोप निव्वळ बळी नाही. १८ जुलैला त्याने रशियावर नवे निर्बंध लादले आणि त्यांत नायरा एनर्जीचे नाव घातले. कंपनी मुंबईची, तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातेत वाडीनारला, निम्म्याच्या जवळपास हिस्सा रशियाच्या रोझनेफ्टचा. चारच दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा बंद केल्या. भारतीय कायद्याने काहीही वावगे न केलेल्या कंपनीचे कर्मचारी स्वतःच्या पत्रव्यवहाराला मुकले. काम चालवायला त्यांनी रेडिफमेल धरला. होय, नव्वदच्या दशकात आपल्यापैकी अनेकांनी पहिला ईमेल जिथे उघडला, तेच मुंबईचे रेडिफ. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिनाअखेर सेवा परत सुरू झाल्या. बोट ब्रसेल्सचे, कळ मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडची आणि बंद पडलेल्या टपालपेट्या मुंबईच्या. मे महिन्यात हेगसाठी कळवळलेल्या किती युरोपीय संपादकांनी जुलैत वाडीनारचा उल्लेख केला? माझ्या वाचनात तरी एकही आला नाही.

मग ही कळ आपल्या हाती कशी घ्यायची? कराने ती हाती येत नाही. येत असेल तर सरकारी खरेदीतून, तेही सावकाश. म्युनिक महापालिकेने २००३मध्ये विंडोज सोडून लिनक्सकडे जायचे ठरवले, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बाल्मर स्कीइंगची सुटी अर्ध्यावर टाकून महापौरांना भेटायला धावले होते. सवलतींनी महापौर विरघळले नाहीत. सुमारे १५ हजार संगणक बदलले गेले. पुढे महापौर बदलला, कंपनीचे जर्मनीतले मुख्यालय म्युनिक शहरात आले आणि २०१७मध्ये महापालिका विंडोजकडे परतायचा ठराव करून मोकळी झाली. कंपनीमुळेच परतली असे मी म्हणत नाही. कर्मचारीही नव्या व्यवस्थेला कंटाळले होते, आणि कंटाळलेल्या कारकुनापुढे भली भली धोरणे टिकत नाहीत. आता जर्मनीचेच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य सुमारे ३० हजार कर्मचाऱ्यांना मुक्त-स्रोत लिब्रेऑफिसवर नेत आहे. डेन्मार्कच्या डिजिटल मंत्रालयाने जूनमध्ये तीच वाट धरली. ट्रम्प यांनी ग्रीनलंड विकत मागितल्यावर डॅनिश लोकांना घाई झाली असेल तर नवल नाही. दुसरीकडे, इतरांना दंड ठोठावणारा युरोपीय आयोग स्वतःच्या कचेऱ्यांत मायक्रोसॉफ्ट ३६५च वापरतो. त्या वापरात युरोपचेच नियम मोडले, असे युरोपच्याच माहिती-संरक्षण पर्यवेक्षकाने मार्च २०२४मध्ये ठरवले होते. ते दुरुस्त व्हायला यंदाचा जुलै उजाडला.

अंक छपाईला जात असताना गृहमंत्री अमित शहा यांनी आपला ईमेल झोहो या भारतीय कंपनीच्या सेवेवर नेल्याचे जाहीर केले. लगोलग आमच्या परिचितांत झोहो उघडण्याची स्पर्धा लागली. चांगलेच आहे. पण मंत्र्यांचा पत्ता बदलणे सोपे असते. जिल्हा परिषदेच्या, विद्यापीठाच्या, सहकारी बँकेच्या निविदेत ‘उद्या पुरवठादार बदलायचा झाला तर आमची सगळी कागदपत्रे कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती खर्चात परत मिळतील’ हे एक कलम असते का, ते मला पाहायचे आहे. फ्रेंच सिनेटने विचारला तसा प्रश्न आपल्या विधिमंडळातही एखाद्या आमदाराने विचारावा.

यंदाच्या अंकाचा विषय ‘शेजार’ आहे, आणि अटलांटिकपलीकडल्या शेजाऱ्याची गोष्ट सांगून मी तो ओढूनताणून जुळवला, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलेच असेल. आतली मंडळी विषयाशी जास्त प्रामाणिक आहेत: चाळीतले शेजार आहेत, सीमाभागातले आहेत, आणि बांधावरून तीन पिढ्या कोर्टात भांडणारेही आहेत. अंक एक आठवडा उशिरा निघतो आहे. त्याचे कारण कागद, अमेरिका नव्हे. वर्गणीदारांना तो टपालानेच जाईल.