पाण्याचा हिशेब कोणाच्या वहीत?

शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना 'सेबी'ने 2022-23 पासून जबाबदारी व शाश्वततेचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला. कंपनीने पाणी किती उचलले आणि कोठून, हे त्यात सांगावे लागते. तेव्हापासून किरकोळ व्यापारातील बड्या दुकानसाखळ्याही 'जल-व्यवस्थापन' आणि 'हवामान-जोखीम' ही भाषा मोठ्या सफाईने बोलू लागल्या आहेत. नळांच्या तोट्या बदलल्या, सांडपाणी पुन्हा वापरले, गच्चीवरचे पाणी जमिनीत मुरवले! हे सारे व्हायलाच हवे; त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु ही दुकाने खरोखर किती पाणी विकतात, हा प्रश्न रायपूरसारख्या शहरात विचारला म्हणजे या हिशेबाची मखलाशी उघडी पडते.

रायपूर ही धानाच्या मुलखाची बाजारपेठ. एक किलो धान पिकवण्यास सरासरी 2,500 लिटर पाणी लागते असे मानले जाते. म्हणजे तांदळाच्या दहा किलोंच्या एका पिशवीमागे पंचवीस हजार लिटरहून अधिक पाणी खर्ची पडलेले असते. ते धमतरीच्या किंवा बालोदच्या शेतकऱ्याच्या बांधावरचे. दुकानाच्या वहीत त्याचा थेंबही नाही. अडीचशे बड्या कंपन्यांनी पुरवठादारांचीही माहिती द्यावी, नाहीतर कारण सांगावे, असा नियम 2023 मध्ये आला होता. डिसेंबर 2024 मध्ये 'सेबी'ने तो ऐच्छिक करण्याचे ठरवले. धंद्याच्या सुलभतेसाठी, अर्थातच.

जोखमीचेही तेच. पाऊस दगा देतो तेव्हा साखळी दुसऱ्या राज्यातून माल उचलते, गोदामाचा विमा तिला भरपाई देतो. शेतकऱ्याच्या पीकविम्यात मात्र नुकसान मुख्यतः गावाच्या सरासरीवर मोजले जाते; एकट्याचे शेत करपले तर त्याने दाद कोठे मागावी? मे महिन्याच्या उन्हात पोती वाहणारा हमाल आणि घरपोच माल देणारा तरुण यांना तर कोणत्याच अहवालात जागा नाही. भांडवलदार ज्याला जोखमीचे व्यवस्थापन म्हणतो, ते बहुधा जोखमीचे स्थलांतर असते.

छत्तीसगडच्या जनतेने हा धडा एकदा महाग किंमत देऊन घेतला आहे. 1998 मध्ये, राज्य वेगळे होण्याआधी, दुर्गजवळच्या बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्यासाठी शिवनाथ नदीचा सुमारे 23 किलोमीटरचा पट्टा रेडियस वॉटर या कंपनीच्या हवाली करण्यात आला, तोही 22 वर्षांच्या कराराने. उद्योगांनी पाणी घेतले नाही तरी दररोज 40 लाख लिटरचे पैसे सरकारी महामंडळाने मोजायचे, हे त्यातले कलम! कंपनीला नफ्याची हमी, जोखीम सरकारी तिजोरीवर. आणि काठच्या मच्छीमारांना, शेतकऱ्यांना आपल्याच नदीवर मज्जाव. विरोध पेटल्यावर 2003 मध्ये सरकारने करार मोडण्याची घोषणा केली, 2007 मध्ये विधानसभेच्या लोकलेखा समितीनेही तो रद्द करण्याची शिफारस केली. तरी कंपनीचा हात सहजासहजी सुटला नाही.

आज नदीऐवजी भूगर्भ आहे. रायपूरची तहान खारून भागवते आणि उन्हाळ्यात खारूनला गंगरेल धरणाच्या कालव्याचा आधार लागतो. याच दिवसांत 1986 च्या पेयजल कायद्याखाली नव्या बोअरवर बंधन येते. ज्यांची बोअर आधीच खोल गेली आहे त्यांना त्याची फारशी झळ नाही. झळ लागते ती ज्या वस्तीत अजून नळ पोहोचलेला नाही तिला.

उन्हाळी धान लावू नका, असा उपदेश शेतकऱ्याला होतो. पाण्याचा विचार करता तो चूक नव्हे. पण धानाला खरेदीची हमी, आणि हरभऱ्याला, कोदो-कुटकीला बाजाराची मर्जी, असे असताना त्याने पीक बदलावे कशाच्या जोरावर? या पिकांची धानासारखीच हमखास सरकारी खरेदी, मॉल व गोदामांच्या प्रत्येक बोअरला मीटर आणि त्याची आकडेवारी महापालिकेच्या फलकावर, तसेच उष्णतेच्या लाटेत हमालांना भरपगारी विश्रांती, या मागण्या रायपूर-दुर्गच्या व पलीकडच्या गोंदिया-भंडाऱ्याच्या किसान व कामगार संघटनांनी येत्या उन्हाळ्यापूर्वी एकत्र उचलाव्यात. पुरवठादारांच्या माहितीची अट पुन्हा सक्तीची करण्याचा प्रश्न संसदेत नेण्याचे काम पक्षाच्या खासदारांचे आहे.