सरकारी आंकडे आणि आपल्या बांधांवरील झाडें

महसूल खात्याच्या कारकुनींत माझें सारें आयुष्य आंकडे उतरवून घेण्यांत, बेरजा मारण्यांत व गोषवारे वर पाठविण्यांत गेलें. निवृत्त होऊन बिद्रीस परत आल्यावर तरी आंकड्यांचा संग सुटेल अशी आशा होती. परंतु देशाच्या वनांविषयीं व जीवजातींविषयीं जे सरकारी आंकडे हल्लीं प्रसिद्ध होतात, ते वाचतांना जुनी संवय उफाळून येते, आणि मनांत पहिला प्रश्न येतो तो हाच कीं, हा आंकडा मूळ कोणीं व कोठें उभें राहून लिहिला?

जैवविविधतेचा जागतिक करार १९९२ सालीं झाला. २०१० सालीं जपानांत त्याचीं वीस उद्दिष्टें ठरलीं. २०२० उजाडलें तेव्हां जगाच्या पातळीवर त्यांतील एकही पूर्णपणें साध्य झालेलें नव्हतें. पुढें २०२२ सालीं माँट्रियल येथें तेवीस नवीं उद्दिष्टें ठरलीं, आणि २०२४ सालीं आपल्या सरकारनेंही तेवीस उद्दिष्टांचा राष्ट्रीय आराखडा सादर केला. उद्दिष्ट ठरलें म्हणजे प्रगति दाखविणें आलें, आणि प्रगति दाखवावयाची तर आंकडा पाहिजे. येथपर्यंत माझी कांहीं तक्रार नाहीं. मोजल्यावांचून राज्य चालत नाहीं, हें कारकुनास कोणीं शिकवावयास नको. तक्रार आहे ती आपण मोजतों काय, याविषयीं.

देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणें देशांतील वनें व झाडें मिळून आच्छादन ८,२७,३५७ चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या क्षेत्राच्या २५.१७ टक्के आहे. आंकडा दशांशापर्यंत चोख आहे. आतां यांतील वनाच्छादनाची व्याख्या पाहावी. एक हेक्टर वा अधिक जागेवर झाडांच्या शेंड्यांनीं निदान दहा टक्के जमीन झांकली असली, कीं ती जागा वनाच्छादनांत धरली जाते. मालकी कोणाचीही असो, झाड कोणतेंही असो. म्हणजे निलगिरीची लागण, आंब्याची बाग आणि दाजीपूरचें जंगल हीं तिन्ही एकाच रकान्यांत. संस्थेनें ही व्याख्या स्वतः छापून ठेवली आहे, तेव्हां कोणी फसवितो असें म्हणतां यावयाचें नाहीं. परंतु आच्छादन वाढलें म्हणजे जीवजाती टिकल्या, असा अर्थ काढणाऱ्या वाचकास तो आंकडा अडवीतही नाहीं.

दाजीपूरचें गव्यांचें अभयारण्य १९५८ सालचें. तेथें बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं पाणवठ्यांवर माचाणांत बसून प्राणी मोजतात. त्या रात्रीं किती गवे पाण्यावर आले हें त्यावरून कळतें. ते जंगल सोडून उसांत कां उतरतात हें कळत नाहीं. तें ज्याचा ऊस तुडविला गेला तो थोडेंफार सांगूं शकेल. पण त्याच्याकडे माणूस येतो तो नुकसानीच्या पंचनाम्यापुरता.

आतां आपल्या गांवाशीं थेट संबंध असलेली गोष्ट. २००२ च्या जैवविविधता कायद्यानें व त्याखालील २००४ च्या नियमांनीं प्रत्येक गांवीं एक समिति असावी व तिनें गांवची लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी असें ठरलें. ही कल्पना मुख्यतः माधव गाडगीळ यांची, आणि मोठी चांगली. गांवच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांस, धनगरांस, औषधी जाणणाऱ्यांस विचारून, निदान वर्षभर सर्व ऋतूंत शिवार फिरून ती लिहावयाची. २०१६ सालीं अशा नोंदवह्या साऱ्या देशांत १,३८८ होत्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली व त्यापुढें चुकार राज्याकडून दरमहा दहा लाख रुपये घेण्याचा बडगा दाखविला. त्या जानेवारींत नोंदवह्या ९५,५२५ झाल्या. पुढें त्या अडीच लाखांवर गेल्या. ज्यानें मुदतीच्या आदल्या रात्रीं कागद पुरे होतांना पाहिले आहेत, त्यास यांत आश्चर्य वाटावयाचें नाहीं. माझ्या पाहण्यांत आलेली एक नोंदवही शेजारच्या गांवच्या वहीची नक्कल होती, शुद्धलेखनाच्या चुकांसह.

दोष देण्यांत मी पुढें आहें असें कोणी समजूं नये. एका तालुका कचेरींत असतांना पिकांच्या गोषवाऱ्याची, म्हणजे गांव नमुना ११ ची, बेरीज माझ्याकडे असे. एका गांवची नाचणी ओळीनें तीन वर्षें हेक्टर-आरापर्यंत तेवढीच आलेली मीं पाहिली. चौथ्या वर्षीं कामानिमित्त तेथें गेलों, तों त्या उतारावर नाचणी कोणी पेरीतच नव्हतें. एका म्हातारीच्या गाडग्यांत मूठभर बीं उरलें होतें. कागदावर मात्र नाचणी जोमांत होती, आणि बेरीज जुळते म्हणून मीं सही केली होती.

आणि आपण खातेदार तरी काय करीत होतों? नमुना १२ मध्यें मिश्र पिकांकरितां रकाने आहेत. आमच्या भागांत उसाच्या सरीवर घरच्या बायका मका, मुळा, कोथिंबीर टोकीत. पण तलाठ्यानें 'ऊस' लिहिलें, आपण मान हलविली, रकाने कोरे राहिले. भाताचें तेंच. घनसाळ काय, काळा जिरगा काय, जोंधळा जिरगा काय, कागदावर सर्वांचें नांव 'भात'. आजऱ्याच्या घनसाळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण तें बीं घराघरांतून राखलें गेलें म्हणून. पीकपाहणीच्या कागदांत त्या जातीचा माग काढूं म्हटलें तर कठीण होतें.

बांधाच्या दोन गुंठ्यांकरितां आपण फेरफार तपासावयास कचेरीचे किती हेलपाटे घालतों! नोंद नाहीं तर हक्क नाहीं, हें आपणांस पक्कें ठाऊक आहे. २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्यास आपलें पारंपरिक वाण स्वतःच्या नांवें नोंदवितां येतें, आणि जैवविविधता कायद्यांत गांवच्या वनस्पतींचा व्यापारी उपयोग करणाऱ्यांनीं लाभांश देण्याची तजवीज आहे. उद्यां तो मागावयाची वेळ आली, तर नक्कल केलेल्या वहीखेरीज गांवाकडे दाखविण्यास दुसरें काय असेल?

म्हणून सभासदांस विनंति आहे कीं, प्रत्येकानें आपल्या ग्रामपंचायतींत जाऊन ती नोंदवही मागून पाहावी, आणि ग्रामसभेंत ती मोठ्यानें वाचवून घ्यावी. आपल्या शिवारांत नसलेलें झाड तींत निघालें तर तेथल्या तेथें खोडावें. असलेलें राहिलें असेल तर लिहावें. दुसरें असें कीं, २०२१ पासून पीकपाहणी आपल्याच हातीं आली आहे. मोबाइलवरील त्या ई-पीक पाहणींत बांधावरील झाडें नोंदविण्याची सोय आहे. आपण पीक भरून मोकळे होतों.

गेल्या खरिपांत शेजारच्या मुलास बरोबर घेऊन मीं माझ्या बांधावरची नोंद केली: दोन जांभळी, एक करंज, एक आंबा आणि विहिरीवरची बाभूळ. बाभळीवर सुगरणीचे सात खोपे आहेत. त्यांस रकाना नाहीं, म्हणून ते घरच्या वहींत तारीख घालून लिहिले आहेत.