गोदामात साखर आहे, मग बिल का थकते?



वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आली आहे. थोड्याच दिवसांत अहवालाचे पुस्तक आपल्या घरी पोचेल. ते कसे वाचले जाते हे मी गटागटांतून हिंडताना पाहतो. आधी भाव किती तो पाहायचा, मग नफा की तोटा, मग गाळप आणि उतारा; आणि पुस्तक गेले कोनाड्यात. ताळेबंदाचे पान तसेच कोरे करकरीत राहते. माझे स्पष्ट मत असे आहे की, ऊस घालणाऱ्या माणसाने सर्वांत आधी उघडायचे पान तेच. गेल्या वर्षी काय मिळवले हे नफ्या-तोट्याच्या पत्रकावरून कळते. येत्या हंगामात आपले बिल वेळेवर निघेल का, याचा अंदाज मात्र ताळेबंदावरून येतो.

मी शेतकी खात्याचा माणूस, हिशेबनीस नव्हे. पण बिल लांबले की हिशेबनीसाला कोणी विचारत नाही. नोंद घ्यायला, बेणे पाहायला जो गावात येतो त्यालाच सगळे विचारतात, "साहेब, गोदामात साखर भरून आहे म्हणता, मग आमचे पैसे का नाहीत?" प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचे उत्तर समजून घेण्याचे एक साधे साधन आहे. त्याला 'चालू गुणोत्तर' म्हणतात. बँकेतली माणसे 'करंट रेशो' म्हणतात.

आपल्या घरचाच दाखला घेऊ. एखाद्याकडे दहा एकर बागायत आहे, विहीर आहे, ट्रॅक्टर आहे. माणूस श्रीमंतच म्हणायचा. पण खोडव्याला खताचा डोस द्यायचा आहे, सोसायटीचा हप्ता जूनअखेर भरायचा आहे आणि खिशात काही नाही. जमिनीचा तुकडा काही सोमवारच्या बाजारात नेऊन विकता येत नाही. अशा वेळी त्याची मालमत्ता किती हे विचारून उपयोग नाही. या वर्षात हातात येणारे किती आणि या वर्षात द्यावे लागणारे किती, हेच विचारावे लागते. कारखान्याचेही तसेच आहे.

वर्षभरात ज्याचे पैसे होतील ती चालू मालमत्ता: साखरेचा साठा, मळी, बगॅस, भांडारातला माल, येणी, बँकेतली शिल्लक. वर्षभरात जे चुकते करावे लागेल ते चालू देणे: मालतारण कर्ज, उसाची थकीत बिले, तोडणी-वाहतुकीची देणी, व्यापाऱ्यांची उधारी, मुदत कर्जाचे या वर्षीचे हप्ते, मुदत भरलेल्या परतीच्या ठेवी. पहिल्या रकमेला दुसरीने भागा. आले ते चालू गुणोत्तर. एकाच्या वर असेल तर येणारे देण्याला पुरते. एकाच्या खाली असेल तर पुरत नाही. ताळेबंदात हे आकडे एका ओळीत सापडत नाहीत, निरनिराळ्या परिशिष्टांतून गोळा करावे लागतात. पण आपल्यातला बारावी झालेला कोणताही पोरगा अर्ध्या तासात ते करील.

नमुन्यादाखल एक कल्पित कारखाना घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. साखरसाठा ९० कोटी, मळी-बगॅस ४, भांडार व सुटे भाग ८, मालाची येणी ६, तोडणी-वाहतूक ठेकेदारांकडील उचल १४, सरकारी अनुदानाचे येणे ५, रोख व बँक ३. एकूण १३० कोटी. देण्यांत मालतारण कर्ज ७२ कोटी, उसाची बिले २२, तोडणी-वाहतूक ८, व्यापारी ६, कर्जाचे हप्ते १२. एकूण १२० कोटी. गुणोत्तर आले १.०८. सभेत कोणी हे वाचून दाखवले तर टाळ्या पडतील. बरे आहे की!

आता जरा हाताने चाचपून पाहू. ठेकेदारांची उचल १४ कोटी. त्यातल्या निम्म्या टोळ्या आल्याच नाहीत आणि उचल बुडीत निघाली असे धरा. गेले ७ कोटी. भांडारात वर्षानुवर्षे पडून असलेले सुटे भाग ३ कोटींचे. ते भंगारात जातील, बिलात येणार नाहीत. अनुदानाचे ५ कोटी कधी येतील ते सरकारला ठाऊक. उरले ११५ कोटी, देणे १२० कोटी. गुणोत्तर ०.९६. कागदावर जो कारखाना देणे भागवून १० कोटी राखत होता, तो प्रत्यक्षात ५ कोटींनी कमी पडतो. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, नुसते गुणोत्तर विचारू नका, त्यातला कोणता रुपया हलतो आणि कोणता गोठला आहे ते विचारा.

येथे एक गोष्ट आपल्या बाजूचीही बोलली पाहिजे. ऊस विकास योजनेत बेणे, खते, औषधे उधारीवर जातात. तीही कारखान्याची चालू मालमत्ताच. आपण बेणे इथून नेले आणि ऊस शेजारच्या कारखान्याला घातला, की ते येणे कागदावर राहते आणि शेजाऱ्याच्या बिलाला तेवढे पैसे कमी पडतात.

आता साखरेकडे येऊ. साखर म्हणजे सोने, ती केव्हाही विकता येते, असा आपला समज आहे. तो दोन कारणांनी पुरता खरा नाही. एक, २०१८ पासून देशातल्या विक्रीसाठी केंद्र सरकार कारखानानिहाय मासिक कोटा ठरवून देते. गोदाम भरलेले असले तरी एका महिन्यात सगळी साखर काढता येत नाही. दुसरे, ती साखर बँकेकडे तारण असते. विकली की पैसे आधी बँकेच्या खात्यात जातात, उरले तर आपल्याकडे येतात.

तारणाचे गणित टनावर मांडून पाहा. समजा बँकेने साखरेचे मूल्यांकन क्विंटलला ३,५०० रुपये केले आणि ८५ टक्के उचल दिली. क्विंटलमागे २,९७५ रुपये झाले. १०.२५ टक्के उताऱ्याने एका टनातून १०२.५ किलो साखर निघते. तिच्यावर उचल मिळाली सुमारे ३,०४९ रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी याच उताऱ्याला एफआरपी आहे टनास ३,५५० रुपये. तोडणी-वाहतूक त्यातच आली. म्हणजे पगार, दुरुस्ती, बँकेचे व्याज हे काहीही न धरता टनामागे ५०१ रुपये कमी पडले. ते मळी, वीज, इथेनॉल यांतून किंवा पूर्वीच्या शिलकीतून यावे लागतात. ज्याच्याकडे ही शिल्लक नाही, तो कारखाना चांगला चालूनही बिल थकवतो.

आणि भाव उतरला तर? ३,५०० चे ३,३०० झाले की त्याच ८५ टक्क्यांनी उचल २,८०५ वर येते. आधी दिलेल्यातले क्विंटलमागे १७० रुपये बँक परत मागते. याला शॉर्ट मार्जिन म्हणतात. साखरेची किमान विक्री किंमत जून २०१८ मध्ये किलोला २९ रुपये ठरली, फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ झाली आणि पुढे कित्येक वर्षे तिथेच राहिली. एफआरपी मात्र २०१८-१९ च्या हंगामात १० टक्के उताऱ्याला २,७५० रुपये होती, ती २०२५-२६ साठी १०.२५ टक्क्यांना ३,५५० झाली. आपल्याला दर वाढवून मिळाला हे योग्यच झाले, खतमजुरी काय थांबली आहे? पण दोन्ही चाकांचा वेग सारखा नसला की गाडी कुठे ओढली जाते हे ओळखून असावे.

दुसरे सांगणे तारखेचे. ताळेबंद ३१ मार्चचा असतो. त्या दिवशी हंगाम उरकत आलेला, गोदामे भरलेली आणि बँकेचे कर्जही डोक्यापर्यंत. सप्टेंबरअखेर चित्र निराळे असते: साखर बरीचशी विकलेली, यंत्रांची दुरुस्ती चाललेली, नव्या हंगामासाठी ठेकेदारांना उचल देण्याची घाई. भर पावसाळ्यात विहिरीची पातळी मोजून उन्हाळी पाण्याच्या पाळ्या कोणी ठरवतो का? मग कारखान्याची पातळी तरी एकाच दिवशी का मोजावी? ३१ मार्च आणि ३० सप्टेंबर, दोन्ही दिवसांचे गुणोत्तर सभासदांपुढे यावे.

शिवाय या आकड्याचा एक विचित्र गुण आहे. समजा मालमत्ता १२० आणि देणे १०० आहे, म्हणजे गुणोत्तर १.२. त्यातले २० चुकते केले तर १०० ला ८०, म्हणजे १.२५. आकडा सुधारला. पण मालमत्ता ८० आणि देणे १०० असेल तर गुणोत्तर ०.८, २० चुकते केले की ६० ला ८०, म्हणजे ०.७५. आकडा बिघडला! म्हणजे अडचणीतल्या कारखान्याने सभासदाचे बिल दिले की कागद वाईट दिसतो, आणि थकवले की बरा दिसतो. म्हणून गुणोत्तराच्या शेजारी थकीत ऊस बिलाचा आकडा ठेवूनच ते वाचावे.

मग किती असावे? रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. चालू मालमत्तेच्या निदान चौथ्या हिश्शाला उद्योगाने दीर्घ मुदतीचा पैसा लावावा, अशी एक पद्धत तिने सुचवली. त्यातूनच १.३३ चे प्रमाण बँकांत रुजले. पुढे नियम बदलत गेले, तरी तो आकडा अजून कानावर येतो. साखर धंद्याला तो जसाच्या तसा लावता येईल असे मी म्हणत नाही. आमचा कच्चा माल पाच महिन्यांत येतो आणि पक्का माल बारा महिने विकला जातो. पण एकाच्या खाली गेलेले गुणोत्तर सलग दोन-तीन वर्षे तसेच राहिले, तर तो हंगामाचा चढउतार नसतो, दुखणे असते.

हे दुखणे बहुधा दोन वाटांनी येते आणि दोन्ही वाटांवर आपण सभेत हात वर केलेला असतो. पहिली वाट, थोड्या मुदतीचा पैसा मोठ्या मुदतीच्या कामात घालणे. वरच्या कल्पित कारखान्याने चालू पैशातून १० कोटी विस्तारवाढीला वळवले, की १३० चे १२० झाले आणि गुणोत्तर १.०८ वरून १.०० वर आले. यंत्र चांगले असेल, पुढे नफाही देईल. पण यंत्र विकून जानेवारीचे बिल देता येत नाही. दुसरी वाट, ऐपत न पाहता जाहीर केलेला भाव. ६ लाख टन गाळपावर टनाला १०० रुपये जास्त म्हणजे ६ कोटींचे नवे देणे. जाहीर करायला पाच मिनिटे लागतात, भागवायला वर्ष पुरत नाही. शेजाऱ्याने दिला म्हणून आपणही द्या, असे म्हणण्याआधी शेजाऱ्याच्या ताळेबंदात काय आहे ते तरी पाहावे.

यावर कोणी म्हणेल, "हे सगळे आम्हाला गप्प बसवायला!" तसे मुळीच नाही. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळणे हा आपला हक्क आहे आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. एफआरपीत तडजोड नाही. बिल लांबले तर सोसायटीचे कर्ज थकते, वेळेत फेडीवर मिळणारी व्याजाची सवलत जाते, आणि खोडव्याचा डोस चुकून पुढच्या वर्षी टनेज घटते. ते नुकसान मी शेतात पाहतो. पण हक्क कायद्यात असला तरी पैसा तिजोरीत असावा लागतो. तो हंगाम सुरू होण्याआधीच पाहून ठेवणे हे मालकाचे काम आहे, आणि या कारखान्याचे मालक आपण आहोत.

तेव्हा या सभेत चार प्रश्न विचारावेत, असे मी सुचवतो. चालू गुणोत्तर गेली तीन वर्षे किती होते? ठेकेदारांकडील उचलीपैकी एक वर्षाहून जुनी किती? गोदामातल्या साखरेवर कर्ज किती आणि त्यातून मोकळी साखर किती? या वर्षी मुदत कर्जाचे किती हप्ते द्यायचे आहेत? संचालक मंडळानेही हे आकडे या अंकातून वर्षातून दोनदा छापावेत, अशी माझी नम्र सूचना आहे. आकडे वाईट असले तरी छापावेत. आजारी उसाची पाने झाकून रोग बरा होत नाही.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद कार्यालयात येऊन विनामूल्य पाहण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला आहे. त्यासाठी कोणाची चिठ्ठी लागत नाही. सभेच्या आधी गटागटांतून दोन-चार जणांनी एकत्र बसावे, वर सांगितल्याप्रमाणे बेरजा मांडाव्यात आणि आकडे घेऊनच सभेला यावे. भावाची मागणी जरूर करावी. पण ती कोणत्या पैशातून द्यायची हे बोट ठेवून दाखवता आले, तर त्या मागणीला उत्तर देणे कोणालाही टाळता येणार नाही.



आपला,
ऊस विकास अधिकारी