तिच्यासाठी लिफ्ट नाही

कर्मचाऱ्यांना कामात अर्थ वाटावा म्हणून हल्ली कंपन्या केवढा खटाटोप करतात! रिसॉर्टवर शिबिर काय, वक्त्याला गलेलठ्ठ मानधन काय. करोत बापडे. पण जिच्या कामाला दोन दिवस खंड पडला तर अख्ख्या जिन्याला नाक दाबून उतरावे लागते, त्या कचरावेचक बाईच्या पुढ्यात आपण सुशिक्षित माणसे रोज काय ठेवतो?

आमटीत भिजलेले वर्तमानपत्र, त्यात सॅनिटरी पॅड, तळाशी उघडे ब्लेड. हे ती हाताने निवडते. भिजलेली रद्दी भंगारवाला घेत नाही, म्हणजे आपल्या आळसापायी तिची कमाई बुडते. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढेच पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेने घराघरांतून मागितले. तेवढ्यासाठीही आपल्याला वेळ नाही!

याच पुण्यात 1993 साली कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने या बायकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. तोवर उकिरडा उपसणाऱ्या बाईकडे चोर म्हणूनच पाहिले जाई. पंचायतीने ओळखपत्रे काढली, महापालिकेने ती मान्य केली. काम तेच राहिले. पण पोलिसाने हटकले तर दाखवायला हातात काहीतरी आले. पुढे त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि महापालिकेशी करार करून त्या दारोदार कचरा गोळा करू लागल्या. कामाला अर्थ येतो तो असा, हक्काने. दिवाळीच्या मिठाईच्या पुड्याने येत नाही.

आपल्या कष्टाचे मोल या बायकांना ठाऊक आहे. नाकारतो ते आपण. त्यांच्यातल्या बहुसंख्य दलित आहेत, हा योगायोग मानणाऱ्याने स्वतःच्या घरातला त्यांच्यासाठी वेगळा ठेवलेला कप आधी पाहावा. विटाळ आम्ही पाळत नाही, असे म्हणणाऱ्यांच्याच सोसायटीत कचरावालीला लिफ्ट बंद असते. वर महिन्याच्या शुल्कावरून तिच्याशी घासाघीस! त्याहून जास्त पैसे आपण एका पिझ्झावर उडवतो.

सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत शुल्क, लिफ्ट आणि कचरा निवडायला छपराखालची जागा, एवढे तीन विषय घ्या. जागा नाही, असे कुणी म्हणाले तर पाहुण्यांच्या गाड्यांसाठी राखून ठेवलेले पार्किंग त्याला दाखवा.