कडी कोणाच्या बाजूला आहे?

आमच्या ऑफिसच्या इमारतीला बाहेरून आरशासारखी काच आहे. दिवसा खालच्या टपरीवरून बघितलं तर तिच्यात फक्त आभाळ दिसतं. संध्याकाळी आत दिवे लागतात, बाहेर अंधार पडतो आणि सगळं उलटं होतं. टपरीवरून आमचा अख्खा मजला दिसतो. आम्हाला मात्र काचेत आमचेच चेहरे. मला हे कळलं ते टपरीवाल्या काकांनी एकदा विचारलं तेव्हा. "काय रे, काल लई वेळ खिडकीत उभा राहून फोनवर भांडत होतास?"

एका बाजूनेच दिसणारी काच नावाची वस्तू अस्तित्वात नाही. सिनेमातल्या पोलीस चौकशीच्या खोलीत असते तीसुद्धा दोन्ही बाजूंना सारखाच उजेड सोडते. संशयित उजेडात बसलेला असतो आणि साहेब अंधारात, एवढाच फरक. म्हणजे कोण कोणाला बघणार हे दिव्याचं बटण ज्याच्या हातात आहे तो ठरवतो.

हे आठवायचं कारण म्हणजे सध्या गाजत असलेले पारदर्शक स्क्रीन. जानेवारी 2024 मध्ये लास व्हेगासच्या सीईएसमध्ये एलजीने 77 इंची पारदर्शक ओएलईडी टीव्ही दाखवला. पुढच्याच महिन्यात बार्सिलोनाच्या प्रदर्शनात लेनोवोने 17.3 इंची पारदर्शक स्क्रीनचा लॅपटॉप मांडला, पारदर्शकता 55 टक्क्यांपर्यंत. आपण सगळ्यांनी ते रील्स बघितले, 'भारी' म्हणालो आणि पुढे गेलो. मीही. मग प्रश्न पडला: त्या लॅपटॉपच्या पलीकडे बसलेल्याला काय दिसतं? उत्तर सोपं आहे. तुमचा स्क्रीनच, फक्त उलट्या अक्षरांत.

यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि जाहिराती त्यांची मुद्दाम खिचडी करतात. पहिला, स्क्रीनवरचं चित्र कोणत्या बाजूला जातं? दुसरा, स्क्रीनमधून पलीकडचं काय दिसतं? ओएलईडीचा पिक्सेल स्वतः उजेड टाकतो. पारदर्शक पॅनेलमध्ये त्याच्या शेजारी थोडी जागा नुसती मोकळी ठेवलेली असते आणि त्या फटींतून पलीकडचं दिसतं. अशा स्क्रीनवर काळा रंग नसतोच. काळा म्हणजे विझलेला पिक्सेल, आणि विझलेला पिक्सेल म्हणजे साधी काच. म्हणून एलजीला त्या टीव्हीच्या मागे एक काळा पडदा बसवावा लागला. रिमोटचं बटण दाबलं की तो वर येतो आणि टीव्ही नेहमीसारखा दिसतो. अमेरिकेत सुमारे 60 हजार डॉलरला विकलेल्या वस्तूतसुद्धा दिसण्यावरचा ताबा शेवटी गुंडाळीच्या पडद्याकडेच आला. मला यात कमीपणा वाटत नाही. उलट त्या टीव्हीतला सगळ्यात प्रामाणिक भाग तोच आहे.

आता माझ्या जातभाईंचं, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांचं म्हणणं ऐका. "सेटिंगमध्ये एक टॉगल देऊ ना. प्रायव्हसी मोड, ऑन-ऑफ." मी असे टॉगल लिहून पोट भरतो, म्हणून सांगतो: त्यावर विश्वास ठेवू नका. टॉगल म्हणजे मेमरीतला एक बिट. तो अपडेटमध्ये बदलतो, 'डिफॉल्ट' नावाखाली हलतो, तिसऱ्या मेन्यूत गडप होतो. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचंच बघा. कॅमेरा चालू असला की शेजारचा दिवा लागतो, हे आपण धरून चालतो. 2013 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की काही जुन्या मॅकबुकमध्ये तो दिवा न लावता कॅमेरा चालू करता येतो, तोही फक्त सॉफ्टवेअरने. त्यावर टिकाऊ उपाय कोणता? कॅमेऱ्यावर सरकणारी प्लास्टिकची झडप. लेनोवो स्वतः थिंकपॅडवर ती देते. कॅमेऱ्याला झडप लागते हे कळलेल्या धंद्याला अख्ख्या स्क्रीनला काय लागेल हे कळू नये?

दुसरा युक्तिवाद नेहमीचा: "लपवण्यासारखं आहेच काय?" हे म्हणणारा माणूस सहसा अंधाऱ्या बाजूला बसलेला असतो. आणि मुद्दा फक्त लपवण्याचा नाही. 2020 मध्ये बीजिंग आणि शेन्झेनच्या मेट्रोत खिडक्यांमध्येच एलजीचे 55 इंची पारदर्शक स्क्रीन बसवले. प्रवासी म्हणून मला खिडकीतून बाहेर बघायचंय की काचेवरचा मजकूर वाचायचाय, हे आता मेट्रो चालवणारा ठरवणार. लोकलमध्ये विंडो सीटसाठी दोन गाड्या सोडणाऱ्या माणसाला विचारा, त्याला हे चालेल का.

याचं बरोबर उत्तर मला सापडलं ते एका संडासात. 2020 मध्ये शिगेरू बान या वास्तुविशारदाने तोक्योच्या शिबुया भागातल्या उद्यानांत रंगीत काचेची सार्वजनिक स्वच्छतागृहं बांधली. 'परफेक्ट डेज' बघितला असेल तर ती आठवतील. रिकामी असताना आरपार दिसतात. आत जाऊन कडी लावली की काच धूसर होते. ज्याला बघितलं जाऊ शकतं, त्याच्याच हातात कडी. ॲप नाही, लॉगिन नाही, अटी मान्य करणं नाही.

अशा बदलत्या काचांमध्ये सर्रास वापरतात ती पीडीएलसी फिल्म. तिच्यात प्लास्टिकमध्ये लिक्विड क्रिस्टलचे बारीक थेंब अडकवलेले असतात. वीज दिली की ते एका दिशेत लागतात आणि काच आरपार होते. वीज बंद झाली की उजेड विखुरतो आणि काच दुधाळ. म्हणजे लाइट गेली तर माणूस झाकला जातो. उलट वागणारी, वीज गेल्यावर पारदर्शक होणारी फिल्मही बनवता येते. यातली कोणती निवडायची हे इंजिनिअर ठरवतो, आणि ती निवड करताना तो कोणाची तरी बाजू घेत असतो. लोडशेडिंग बघितलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको.

काचेतून किती दिसावं हा नियमाचा विषय नाही, असंही कोणी म्हणू नये. गाडीच्या काचांसाठी आपल्याकडे टक्केवारी ठरलेली होती: पुढच्या-मागच्या काचेला किमान 70, बाजूच्यांना 50. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली. आतला माणूस रस्त्यावरून दिसावा म्हणून नियम होऊ शकतो, तर काउंटरमागे आठ तास बसणारी मुलगी किंवा पारदर्शक लॅपटॉपवर पगाराची स्लिप उघडणारा माणूस दिसू नये म्हणूनही होऊ शकतो.

माझ्या मागण्या तीनच. पारदर्शक स्क्रीनला झाकायची सोय हार्डवेअरमध्ये हवी, आणि ती दिसणाऱ्याच्या बाजूला. वीज गेली, सिस्टीम हँग झाली, तर स्क्रीन धूसरच झाला पाहिजे. आणि पलीकडून आत्ता दिसतंय की नाही हे सांगणारा दिवा त्याच सर्किटवर हवा, कोडच्या मेहेरबानीवर नको.

मॉलमध्ये असा स्क्रीन बघायला मिळाला तर रील जरूर काढा. पण आधी मागच्या बाजूला जाऊन उभे राहा. मग सेल्समनला विचारा, "प्लग काढला तर काय होतं?" त्याला सांगता आलं नाही तर तिथे कडी कोणाच्या बाजूला आहे ते समजा.