बसचा डेटा कुठून वाचायचा: ताज्या नोंदीपासून की पहिल्या?

नागपूरच्या शहर बसमध्ये ड्रायव्हरसमोरच्या काचेला लावलेली एक छोटी यंत्रणा तुम्ही पाहिली असेल. समोरची गाडी फार जवळ आली, कुणी पायी चालणारा आडवा आला किंवा लेन सुटली, की ती ड्रायव्हरला इशारा देते. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'आयरास्ते' प्रकल्पातली ही यंत्रणा. इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि नागपूर महापालिका हे त्यातले भागीदार. शहरातले अपघात निम्म्यावर आणायचे, हे उद्दिष्ट.

बातम्यांमध्ये कॅमेरा आणि एआय गाजलं. पण माझ्या मते जास्त मोलाची गोष्ट आहे ती इशाऱ्यांच्या नोंदी. रस्त्यावरचा 'ब्लॅक स्पॉट' कसा ठरतो? सरकारी व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटर पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात व्हावे लागतात, किंवा एकूण १० जीव जावे लागतात. म्हणजे आधी माणसं जाणार, मग नकाशावर ठिपका पडणार. आयरास्तेची कल्पना याच्या उलट आहे: जिथे बसला वारंवार इशारे मिळतात, ती जागा अपघात होण्याआधीच 'ग्रे स्पॉट' म्हणून हेरायची आणि तिथला रस्ता सुधारायचा.

आता समजा, अशा शेकडो बसचे इशारे क्लाउडवर एका प्रवाहात सतत येताहेत. अ‍ॅमेझॉनची किनेसिस किंवा काफ्का ही अशा कामाची नेहमीची साधनं. प्रवाह वाचणारा प्रोग्राम सुरू करताना पहिला प्रश्न येतो: वाचायला सुरुवात कुठून करायची?

याचं उत्तर तुमच्या फोनमध्ये रोज दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप दोन दिवसांनी उघडला की तो न वाचलेल्या पहिल्या मेसेजपाशी नेतो. काही जण तिथून नीट वाचतात, काही जण थेट तळाशी उडी मारतात. 'मधे काय झालं रे?' हे मग तेच विचारतात.

किनेसिसमध्ये या तळाच्या उडीला 'लेटेस्ट' म्हणतात: आत्तापासून जे येईल तेवढंच वाचायचं. 'ट्रिम होरायझन' म्हणजे साठ्यातल्या सगळ्यात जुन्या नोंदीपासून. 'अ‍ॅट टाइमस्टॅम्प' म्हणजे अमुक वेळेपासून. आणि प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो, त्यामुळे ठरावीक क्रमांकापासून किंवा त्याच्या पुढच्या नोंदीपासूनही सुरू करता येतं.

कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर आत्ता कुठली बस अडचणीत आहे हे दाखवायचं, तर 'लेटेस्ट' योग्य. सकाळचा इशारा दुपारी झळकून काय कामाचा? पण ग्रे स्पॉट शोधणाऱ्या प्रोग्रामने तेच केलं तर घोटाळा होतो. तो रात्री बंद पडला आणि सकाळी 'लेटेस्ट'ने सुरू झाला, तर रात्रभराचे इशारे त्याच्या लेखी घडलेच नाहीत. एरर येत नाही, स्क्रीन लाल होत नाही. नकाशावर तो चौक शांत दिसतो, एवढंच.

काफ्कात तर वाचकाची जुनी खूण सापडली नाही की मूळ सेटिंगनुसार तो गुपचूप 'लेटेस्ट'वरच जातो. प्रवाह काही कायमचा साठाही नाही. किनेसिसमध्ये नोंदी मुळात २४ तास राहतात. पैसे मोजून ही मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवता येते. काफ्कात मूळ मुदत ७ दिवस. शुक्रवारी संध्याकाळी बंद पडलेला प्रोग्राम सोमवारी कुणाच्या लक्षात आला, तर २४ तासांच्या साठ्यात 'सगळ्यात जुनी नोंद' रविवारची असते. ३ वर्षांच्या ब्लॅक स्पॉटशी तुलना करायची, तर नोंदी वेळेवर दुसरीकडे साठवाव्याच लागतात.

वेळेपासून वाचणं सोपं वाटतं, पण त्यातही एक फसवणूक आहे. किनेसिस इथे नोंद क्लाउडवर पोहोचली ती वेळ धरतं, रस्त्यावर घटना घडली ती नाही. नेटवर्क गेलेल्या बसने ९ वाजताचा इशारा पावणेदहाला पाठवला, तर '९ ते साडेनऊ' मागणाऱ्याला तो दिसणारच नाही. म्हणून यंत्रणेने घटनेची वेळ नोंदीच्या आतच लिहायला हवी आणि वाचणाऱ्याने थोडं मागून सुरू करून ती तपासायला हवी.

मागून सुरू केलं की काही नोंदी दोनदा येतात. ग्रे स्पॉटच्या हिशोबात एकच इशारा दोनदा मोजला, तर साधा सिग्नलही धोकादायक ठरेल आणि महापालिकेचा खर्च भलत्याच चौकात होईल. पण दोनदा आलेली नोंद बसचा क्रमांक आणि वेळ पाहून गाळता येते. न वाचता मुदत संपलेली नोंद कुठूनच परत आणता येत नाही. त्यामुळे ग्रे स्पॉटच्या कामात मी तरी प्रत्येक वेळी मागूनच सुरू करीन, आणि शेवटी वाचलेल्या नोंदीचा क्रमांक प्रोग्रामच्या बाहेर, डेटाबेसमध्ये लिहून ठेवीन.

शहराच्या एखाद्या डॅशबोर्डवर पुढच्या वेळी 'आज शून्य इशारे' दिसलं, तर वाचणारा प्रोग्राम शेवटचा कधी बंद पडला होता आणि कुठून पुन्हा सुरू झाला, हे आधी विचारा.