जंतूंवर प्रकाशाचा मारा

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंनी २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार बळी घेतले, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यामुळे जंतू मारण्याची नवी वाट कुणी दाखवली की मी ती बारकाईने तपासतो. प्रकाशाने जागे होणारे नॅनोकण ही त्यांतली फार आशेची वाट आहे. मात्र ती कुठवर जाते, हे आधीच ओळखायला हवे.

मूळ कल्पना शंभर वर्षांहून जुनी. म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला १९०० च्या सुमारास आढळले की अ‍ॅक्रिडिन या रंगद्रव्यात ठेवलेले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव उजेडात पटकन मरतात आणि अंधारात तगून राहतात. आता रंगद्रव्याच्या जोडीला कण आले आहेत. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर संकुलात प्रशांत नागपाल आणि अनुश्री चॅटर्जी यांच्या गटाने २०१६ मध्ये कॅडमियम टेल्युराइडचे क्वांटम डॉट वापरले. हे कण अवघ्या काही नॅनोमीटरचे. अंधारात ते स्वस्थ असतात. उजेड पडला की त्यांतले इलेक्ट्रॉन उत्तेजित होतात, जवळच्या ऑक्सिजनला जाऊन मिळतात आणि सुपरऑक्साइड तयार होते. त्याने जंतूच्या पेशीतला रासायनिक तोल ढासळतो. खरी खुबी आकारात आहे. कण लहानमोठा केला की तो कोणता प्रकाश शोषणार हे बदलते आणि पुढे कोणती अभिक्रिया घडावी, यावरही ताबा मिळवता येतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या औषधरोधी जंतूंपैकी ९२ टक्के या कणांनी मारले, सस्तन प्राण्यांच्या पेशी मात्र शाबूत राहिल्या.

पुढच्याच वर्षी या गटाने हे कण प्रतिजैविकांच्या जोडीने वापरले, तेव्हा बोथट झालेली औषधे जंतूंवर पुन्हा चालू लागली. मला हा दुसरा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. नवे प्रतिजैविक बाजारात यायला वर्षानुवर्षे जातात. हाताशी आहे ते वाचवणे आज जास्त निकडीचे आहे.

अडचण प्रकाशाचीच आहे. या कणांना जागवणारा हिरवा प्रकाश कातडीत एकदोन मिलिमीटरपलीकडे फारसा पोचत नाही. फुप्फुसात किंवा हाडात दडलेल्या जंतूला तो गाठणार कसा? शिवाय कॅडमियम विषारी.

म्हणून या उपचाराची पहिली जागा उघडी जखम. भाजलेली त्वचा, मधुमेही माणसाच्या पायाची चिघळलेली जखम, जिथे उजेड थेट पाडता येतो. कॅनडातल्या व्हँकूव्हर जनरल हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या नाकात मिथिलीन ब्लू हे रंगद्रव्य लावून लाल प्रकाश टाकतात. तिथे नॅनोकण नाहीत, पण प्रकाशाने जंतू मारणे रुग्णालयाच्या रोजच्या कामात बसते, हे त्यातून दिसले आहे.

भाजलेले आणि चिघळलेल्या जखमांचे रुग्ण आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत रोज येतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि शल्यचिकित्सा या विभागांना एकत्र आणून कॅडमियमविरहित कणांवर काम सुरू करावे आणि त्यासाठी केंद्र व राज्य सरकारने स्वतंत्र निधी द्यावा, अशी माझी मागणी आहे.